एकच कंगवा

"हलू नकोस रे साहेब," मावशी म्हणाल्या आणि त्यांनी पोराची हनुवटी धरून त्याचं डोकं खिडकीच्या उजेडाकडे वळवलं.

साहेब मुळात हलणाऱ्यांतला नव्हताच. पाळणाघरात आला त्या पहिल्या दिवशी हे तीन वर्षांचं पोर हात मागे बांधून दोन्ही खोल्यांची पाहणी करत फिरलं होतं, म्हणून त्याचं नाव साहेब पडलं. आताही तो गंभीर चेहऱ्याने स्टुलावर बसला होता. सकाळपासून दोनदा कानामागे खाजवताना दिसला, तेव्हा मावशींनी त्याला उचलून इथे आणलं होतं. त्यांनी बोटांनी केस बाजूला केले. कानामागे, शर्टाच्या बटणाएवढा, एक गोल होता. आतली कातडी कोरडी, पांढुरकी. केस मुळाशीच तुटलेले आणि त्यांचे नुसते काळे ठिपके उरलेले.

असा गोल त्यांनी यापूर्वी दोनदा पाहिला होता. एकदा इथल्याच भिंगरीच्या डोक्यावर आणि मग जुळ्या बहिणींतल्या थोरलीच्या. जुळ्यांची आई डॉक्टरांकडून त्याचं नावही घेऊन आली होती. केसांतलं गजकर्ण, एक प्रकारची बुरशी, लहान मुलांच्या डोक्यात होते आणि एका डोक्यावरून दुसऱ्या डोक्यावर जाते. ती पाळणाघरात भिंगरीने आणली असं तेव्हा सगळ्यांचं ठरलं. भिंगरीला काढलं की प्रश्न मिटला, असंही ठरलं. ठरवणाऱ्यांत मावशीही होत्या.

पण साहेब आला तोच मुळी भिंगरी गेल्यावर. तिची रिकामी झालेली जागा त्याला मिळाली होती. त्या दोघांनी एकमेकांचं तोंडसुद्धा पाहिलेलं नव्हतं.

स्वयंपाकघरातून सून दुधाचे पेले घेऊन आली आणि सासूचा चेहरा बघून दारातच थबकली. मावशींचा मुलगा लांबच्या गावी मालमोटार चालवायचा, महिन्यातून एखाद्या वेळी घरी यायचा. पाळणाघर या दोघीच चालवत होत्या. मावशी तीस वर्षं आणि सून लग्न होऊन आल्यापासून. सुनेने पेले खाली ठेवले, साहेबाच्या कानामागे पाहिलं आणि आधी पुढच्या खोलीचं दार ओढून घेतलं.

कोंडा असेल, ती हळूच म्हणाली. कोंडा असा गोल नसतो, मावशी म्हणाल्या. मग भिंगरीचंच काहीतरी मागे राहिलं असेल, उशी, चादर. पण भिंगरीची उशी टाकून दिली होती आणि चादर उकळून काढली होती. साहेबाचं अंथरूण-पांघरूण त्याच्या आईने घरून नवं आणलं होतं. सुनेलाही हे ठाऊक होतं, कारण उकळायचं काम तिनेच केलं होतं.

"आई, हे बघा," सून म्हणाली, "ह्याची आई बँकेत काम करते. चार जणींना सांगेल. आपण काहीच बोलायचं नाही. संध्याकाळी केस जरा कानावर ओढून देऊ. घरी गेल्यावर दिसलं तर दिसलं, मूल काय फक्त आपल्याकडेच असतं?"

"आणि उद्या आणखी कुणाच्या डोक्यावर निघालं तर?"

"तेव्हाचं तेव्हा."

मावशींनी साहेबाला खाली उतरवलं. त्याने स्वतःचा पेला स्वतः उचलला, दुधावर साय नाही ना हे पाहिलं आणि तो पुढच्या खोलीत गेला. सून काही दुष्ट नव्हती. एका रोगाच्या बोभाट्याने घरातली आठ-दहा मुलं आठवड्यात कशी पांगतील हे तिला दिसत होतं, आणि दिसत होतं ते खरंच होतं. घर चालत होतं ते याच दोन खोल्यांवर.

मावशींचं पाळणाघर त्या भागात नावाजलेलं होतं ते एका गोष्टीसाठी. इथून मूल संध्याकाळी जितकं नीटनेटकं घरी जाई, तितकं सकाळी आईने आणून सोडतानाही नसे. पालक यायच्या आधी मावशी खुर्चीत बसायच्या, शेजारी पाण्याचं वाडगं ठेवायच्या, आणि मुलं एकामागे एक त्यांच्या गुडघ्यांत पाठमोरी बसायची. लाल कंगवा पाण्यात बुडवायचा, भांग काढायचा, तोंड पुसायचं, पुढचा. रांगेत पहिलं कोण यावरून रोज भांडण व्हायचं आणि मावशी रोज नवा न्याय द्यायच्या. कंगवा मात्र सगळ्यांना एकच. डॉक्टरच्या मुलाला तोच आणि हमालाच्या मुलीलाही तोच. हा त्यांचा अभिमान होता. आमच्याकडे डावं-उजवं नाही, असं त्या नव्या पालकांना पहिल्याच दिवशी सांगायच्या आणि पुरावा म्हणून तो कंगवा दाखवायच्या.

भिंगरी कायम शेवटी. ती एका जागी ठरायचीच नाही. गोल गोल फिरायची, म्हणून तर भिंगरी. तिला रोज पहिलं व्हायचं असे आणि रोज नंबर लागेपर्यंत ती खोलीभर भिरभिरून परत शेवटी उभी असे. मग तिची समजूत काढायला मावशींनी एक मान ठरवून दिला होता. शेवटी जो असेल त्याने मावशींचे केस विंचरायचे. भिंगरीचं झालं की ती वळून हात पुढे करायची, "आता तू बस," म्हणायची, आणि त्याच ओल्या कंगव्याने मावशींच्या पांढऱ्या केसांतून दोनचार फराटे मारायची. मावशींना दिवसभरातलं तेवढंच निवांत बसणं मिळायचं.

तिच्या आईशी मात्र पहिल्याच दिवशी खटका उडाला होता. ती मोठ्या धुलाईखान्यात कामाला होती. हॉटेलांच्या चादरी, दवाखान्यांचे अंगरखे, ढिगाने कपडे. हात कायम पांढरे पडलेले आणि सुरकुतलेले. तिने भिंगरीच्या पिशवीत एक छोटा पिवळा कंगवा घालून पाठवला होता. मावशींच्या नाकाला मिरच्या झोंबल्या. त्यांनी संध्याकाळी तो कंगवा तिच्या हातात परत ठेवला आणि म्हणाल्या की इथे वेगळं काही चालत नाही, सगळी मुलं माझीच आहेत. ती बाई ओशाळून हसली. पिवळा कंगवा पुन्हा पिशवीत आला नाही.

आता खिडकीपाशी उभ्या असलेल्या मावशींना तो कंगवा कुठून आठवला कोण जाणे. आठवला आणि हटेना.

भिंगरीला काढलं तो प्रसंग त्यांना आठवायचा नव्हता, पण तोही मागोमाग आलाच. आधी गोल होता, मग तो सुजला, गळवासारखा वर आला आणि त्यातून पू येऊ लागला. मग थोरलीच्या डोक्यावर दुसरा गोल निघाला आणि जुळ्यांच्या आईने पाळणाघर डोक्यावर घेतलं. ती मुलगी तरी राहील, नाहीतर माझ्या दोघी तरी. मावशींनी दोन मुली राखल्या आणि एक सोडली. संध्याकाळी दारात भिंगरीच्या आईने विनवणी केली होती, एका कोपऱ्यात बसवा पण ठेवा मावशी, माझी कामावरची पाळी बुडते. मावशी नाही म्हणाल्या. तेवढ्यावर थांबल्या असत्या तर एक वेळ चाललं असतं. पण आपला नकार त्यांनाच बोचत होता, आणि बोचणी लागलेला माणूस समोरच्याचा दोष शोधतो. त्या वर म्हणाल्या, "घरी जरा स्वच्छता ठेवत जा."

दिवसभर इतरांचे कपडे धुणाऱ्या त्या बाईने मुलीची पिशवी खांद्याला लावली. तिने मुलीला कडेवर घेतलं आणि गेली.

दुपारी मुलं झोपली तेव्हा मावशींनी चपला पायात सरकवल्या. सुनेने कुठे निघालात म्हणून विचारलं. डॉक्टरीणबाईंकडे, त्या म्हणाल्या. सुनेचा चेहरा उतरला. मूल आपलं नाही, त्याच्या आईला पत्ता नाही, आणि तुम्ही तिकडे जाऊन काय सांगणार, तिने विचारलं.

"नुसतं विचारून येते. नाव कुणाचं घेणार नाही."

"आई, विचारायला गेलं की उत्तर मिळतं," सून म्हणाली. "मग ते घेऊन काय करणार आहात?"

मावशी बाहेर पडल्या.

त्वचेच्या डॉक्टरीणबाईंचा दवाखाना दोन रस्ते ओलांडून होता. त्या वयाने लहान होत्या, कमी बोलणाऱ्या, आणि ऐकून घेणाऱ्या. मावशींनी सगळं सांगितलं, नावं गाळून. पहिली मुलगी, मग दुसरी, मग हा मुलगा जो पहिलीला कधी भेटलाच नाही. डॉक्टरीणबाईंनी विचारलं, टोप्या एकमेकांच्या घालतात का? टोप्या नाहीत. उशा? ज्याच्या त्याच्या. टॉवेल? ज्याचा त्याचा. मावशी जरा ताठ झाल्या. स्वच्छतेच्या बाबतीत त्यांना कुणी नाव ठेवलेलं नव्हतं.

"आणि केस कोण विंचरतं?"

"मी."

"सगळ्यांना एकाच कंगव्यानं?"

मावशी हो म्हणाल्या. आयुष्यभर जी गोष्ट त्यांनी मिरवली होती ती आता तोंडातून चोरट्यासारखी बाहेर आली. पाण्यात बुडवून, त्या पुढे म्हणाल्या, जणू पाण्याने काही फरक पडणार होता. डॉक्टरीणबाई रागावल्या नाहीत. तुटलेल्या केसांबरोबर ही बुरशी कंगव्याच्या दातांत बसते आणि पुढच्या डोक्यावर उतरते, असं त्यांनी सरळ सांगितलं. मग त्यांनी जे विचारलं त्याची मावशींनी कल्पनाही केली नव्हती.

"तुमचे स्वतःचे केस कुठल्या कंगव्यानं विंचरता?"

"त्याच. शेवटी. रांगेतलं शेवटचं मूल विंचरतं माझे."

"इकडे बसा. दिव्याखाली."

मावशी म्हणाल्या की मला काही नाही, खाज नाही, गोल नाही, काहीसुद्धा नाही. मोठ्या माणसांच्या डोक्यात ती कधीकधी काही त्रास न देता नुसती राहून असते, डॉक्टरीणबाई म्हणाल्या आणि त्यांनी मावशींचा अंबाडा सोडला. मानेच्या वर, मागच्या बाजूला, त्यांची बोटं थांबली. थोडं खरवडल्यासारखं झालं. मग त्यांनी काचेच्या पट्टीवर काहीतरी घेतलं, त्यावर थेंब सोडला आणि मावशींना बाहेर बसायला सांगितलं.

मावशी बाहेरच्या बाकावर बसल्या. समोर एक बाई मुलाला मांडीवर घेऊन बसली होती आणि सवयीने मावशींचा हात त्या पोराच्या विस्कटलेल्या केसांकडे गेला. अर्ध्यावर त्यांनी तो मागे घेतला आणि दुसऱ्या हाताखाली दाबून धरला. तीस वर्षांत किती डोकी या हातांखालून गेली असतील याचा त्यांनी कधी हिशेब ठेवला नव्हता. आता त्यांना त्यातलं एकच आठवत होतं, आणि ते क्षणभरही स्थिर राहत नव्हतं.

आत बोलावल्यावर डॉक्टरीणबाईंनी पाल्हाळ लावलं नाही. आहे, त्या म्हणाल्या. भिंगात दिसते आहे.

"म्हणजे माझ्यामुळे झालं पोरांना?"

"आधी कुणाच्या डोक्यात आली हे आता कुणालाच सांगता येणार नाही. तिच्याकडून तुमच्याकडे आली असेल, तुमच्याकडून तिच्याकडे गेली असेल. कंगव्याने पोचवली, एवढं नक्की."

त्यांनी औषध लिहून दिलं. मलमाने भागत नाही, बुरशी केसाच्या मुळात असते, पोटातूनच गोळ्या घ्यायच्या आणि बरं वाटलं तरी मध्येच सोडायच्या नाहीत. सगळ्या मुलांची आणि सुनेचीही डोकी तपासून घ्यायची. कंगवे ज्याचे त्याचे. आणि हो, उगाच कुणाला घरी बसवू नका, त्या म्हणाल्या. औषध सुरू झालं की मूल नेहमीसारखं येऊ शकतं.

मावशी उठता उठता परत बसल्या.

"काढायची गरज नसते?"

"कशाला? औषध घेत असलं की झालं."

मावशींनी आणखी एक विचारलं, जे विचारायला त्यांची जीभ रेटत नव्हती. गळवासारखं सुजून पू झाला असेल, तर त्या जागी केस परत येतात का. वेळेवर औषध मिळालं तर बहुतेक येतात, डॉक्टरीणबाई म्हणाल्या. उशीर झाला असेल तर तेवढी जागा तशीच राहते. कुणाचं विचारताय, असं त्यांनी पुढे विचारलं, पण मावशी तोवर दारापर्यंत पोचल्या होत्या.

दवाखान्यात बाकावर वेळ किती गेला ते त्यांच्या ध्यानात आलं नव्हतं. रस्त्यावर उन्हं तिरपी झाली होती. पालक यायची वेळ. म्हणजे विंचरायची वेळ. आपण नसलो की सून विंचरते. आज तर ती नक्की विंचरणार, साहेबाचे केस कानावर ओढायला. मावशींना गुडघ्यांचा त्रास होता. तरी त्या धावल्या. पदर खांद्यावरून घसरला, चपलेचा अंगठा निघाला, ती त्यांनी हातात घेतली.

दार उघडलं तेव्हा सून खुर्चीत बसली होती. शेजारी पाण्याचं वाडगं. साहेब विंचरून झाला होता. त्याचे ओले केस कानावर चापून बसवले होते आणि तो आरशात बघून समाधानी दिसत होता. सुनेच्या गुडघ्यांत आता जुळ्यांतली धाकटी बसली होती, जिच्या डोक्यावर अजून काहीही नव्हतं. सुनेने लाल कंगवा पाण्यातून काढला, झटकला आणि तिच्या कपाळाशी नेला.

मावशींनी तो हातातून ओढून घेतला. इतक्या जोरात की त्याचा एक दात सुनेच्या बोटाला लागला.

"कुणाला लावायचा नाही," त्या म्हणाल्या. धाप लागल्यामुळे शब्द तुटत होते. "याच्यातूनच गेलं. माझ्या डोक्यात आहे. भिंगातून बघितलं त्यांनी."

सून बोट तोंडात धरून सासूकडे बघत राहिली. तिने आधी धाकटीला उठवून दूर नेलं. मग जवळ येऊन, दात-ओठ खात, पण आवाज न चढवता ती म्हणाली की डॉक्टरांनी पहिलं कोण ते सांगितलं का. नाही ना? मग झालं तर. भिंगरीपासूनच तुम्हाला आलं असेल. खापर कुणावर फोडायचंच असेल तर ते फुटून गेलंय, आई, आता परत कशाला ते तुकडे गोळा करता.

"तिच्यापासून आलं असेलही," मावशी म्हणाल्या. "पण कंगवा तिनं नव्हता आणला. तिनं आणला होता तो मी परत दिला."

तेवढ्यात दारावरची घंटा वाजली.

साहेबाची आई नेहमी पहिली यायची. तिने मुलाकडे पाहिलं, मग इतर मुलांच्या पिंजारलेल्या डोक्यांकडे, मग चप्पल हातात घेऊन उभ्या असलेल्या मावशींकडे. काही झालं का, तिने विचारलं. सुनेने मान खाली घातली. मावशींनी साहेबाला जवळ बोलावलं, त्याचे ओले केस बोटाने वर केले आणि कानामागचा गोल त्याच्या आईला दाखवला. मग जे होतं ते सांगितलं. काही गाळलं नाही. कंगव्याचं सांगितलं, स्वतःच्या डोक्याचं सांगितलं आणि औषधाचंही सांगितलं.

ती बाई खूप चिडली. तुमच्या नावावर विश्वास ठेवून मूल सोपवलं, ती म्हणाली, आणि तिला रडू आलं. मग डोळे पुसून तिने डॉक्टरीणबाईंचा पत्ता विचारला, दोनदा घोकला आणि साहेबाला घेऊन गेली. उद्या येणार की नाही ते ती बोलली नाही. साहेबाने मात्र वळून, रोजच्यासारखा, मावशींना हात केला.

त्यानंतर जो जो आला त्याला मावशींनी दारातच तेच सांगितलं. कुणी समजून घेतलं, कुणी त्यांच्यापासून दोन पावलं मागे सरकलं. एका बापाने तर मुलाला उचलताना त्याचं डोकं स्वतःच्या हाताने झाकून घेतलं, जणू ते मावशींच्या नजरेनेही लागणार होतं. जुळ्यांची आई आली. तिने सगळं ऐकून घेतलं आणि मग दोघींच्या उशा, पेले, जादा कपडे, खुंटीवरचे डगले गोळा केले. जाताना ती एवढंच म्हणाली, "त्या मुलीला उगाच घालवायला लावलंत मला." मावशींना वाटलं, सांगावं की तुम्हीच लावलंत. पण दोघींच्या वाटणीला ते सारखंच आलं होतं. त्यांनी दाराची कडी धरून ठेवली.

घर रिकामं झालं. सून कपबशा विसळत होती आणि नेहमीपेक्षा जास्त आवाज करत होती. मावशींनी लाल कंगवा मोडून कचऱ्याच्या डब्यात टाकला. मग केसांवर रुमाल घट्ट बांधला आणि पुन्हा चपला घातल्या. आता कुठे, हे सुनेने विचारलं नाही. पण त्या उंबरठ्याशी पोचल्यावर तिने मागून तुटकी चप्पल बघितली आणि आपली जोडी त्यांच्यापुढे सरकवली.

भिंगरीची आई एका जुन्या इमारतीत तिसऱ्या मजल्यावर राहायची. एकच खोली, एका बाजूला मोरी, खिडकीत वाळत घातलेले कपडे. दार तिनेच उघडलं. मावशींना बघून तिच्या चेहऱ्यावर काही उमटलं नाही. आत या, असंही ती म्हणाली नाही, पण दारातून बाजूला झाली.

मावशी जमिनीवर बसल्या. वाटेत त्यांनी काय काय जुळवलं होतं, त्यातलं एकही वाक्य आता आठवेना. रोग माझ्या डोक्यात निघाला, त्या म्हणाल्या. कंगव्यातून गेला. औषध चालू असताना तिला घरी बसवायची गरज नव्हती हे मला आज कळलं.

"आणि मी तुला स्वच्छतेचं बोलले," त्या म्हणाल्या. "ते बोलायला नको होतं. ते मी परत घ्यायला आलेय."

भिंगरीची आई भिंतीला टेकून उभी होती. तिने आपल्या पांढऱ्या पडलेल्या बोटांकडे पाहिलं.

"त्या दिवशी घरी आले आणि सगळं उकळलं," ती म्हणाली. "चादरी उकळल्या, तिची बाहुली उकळली. रंग गेला तिचा. रोज तिचं डोकं साबणानं घासायचे, मावशी. ती ओरडायची आणि मी घासायचे. मला वाटायचं, माझंच कुठेतरी कमी पडतंय. दवाखान्यात नेलं तेव्हा तिथले म्हणाले, घासल्यानं आणखी चिघळलं. औषध आधी हवं होतं." तिने मान वर केली. "परत कसं घेणार तुम्ही ते?"

मावशींच्या डोळ्यांतून पाणी आलं आणि ते पुसायचंही त्यांना सुचलं नाही. परत घेण्यासारखं ते नव्हतंच. ती म्हणत होती ते बरोबर होतं.

खाटेमागे काहीतरी हललं. भिंगरी इतका वेळ तिथे दबा धरून बसली होती. ती बाहेर आली, तोंडात बोट घालून मावशींकडे बघत उभी राहिली. केस बारीक कापलेले होते. डाव्या बाजूला, कपाळाच्या वर, तळव्यात मावेल एवढी जागा गुळगुळीत होती आणि चकाकत होती. सूज गेली होती. केस आले नव्हते.

तिने खोलीभर नजर फिरवली. मागे-पुढे कुणी नव्हतं. जुळ्या नाहीत, रांग नाही. तिच्या ते हळूहळू ध्यानात आलं आणि तोंडातलं बोट बाहेर आलं.

"आज मी पहिली?" तिने विचारलं.

"हो," मावशी म्हणाल्या. "आज तू पहिली."

भिंगरी आली आणि पाठ करून त्यांच्या गुडघ्यांत बसली. सरळ, हात मांडीवर, अजिबात न हलता. मावशींनी दोन्ही हात बाजूला धरून ठेवले होते. हात लावायचं धाडस होईना. त्यांनी वर तिच्या आईकडे पाहिलं. ती जागची हलली नाही. मग फळीपाशी गेली, डब्यामागून काहीतरी काढलं आणि मावशींच्या शेजारी जमिनीवर ठेवलं. छोटा, पिवळा कंगवा.

विंचरण्यासारखं फारसं नव्हतंच. मावशींनी बोटभर केसांतून कंगवा हळू फिरवला, त्या गुळगुळीत जागेच्या कडेने, तिला न लागता. लगेच झालं. भिंगरी वळली आणि तिने हात पुढे केला.

"आता तू बस."

"नाही ग बाई." मावशींनी कंगवा तिला दिला नाही, तिच्या आईकडे दिला, आणि डोक्यावरच्या रुमालाची गाठ चाचपली. "माझ्या डोक्याला औषध आहे आता. तुझ्यासारखंच."

भिंगरीने यावर विचार केला. "पांढरी गोळी?"

"पांढरी."

"कडू असते," भिंगरी म्हणाली. "पाणी आधी तोंडात घ्यायचं. मग गोळी."

बरं, मावशी म्हणाल्या. मोरीत नळ सुटला. भिंगरीची आई पाठमोरी बसून कंगवा धूत होती. साबण लावून, एकेका फटीत नख घालून, आणि पुन्हा पहिल्यापासून. काम करताना ती बोलली ती वळून न बघता.

"उद्या माझी सकाळची पाळी आहे. तिच्या पिशवीत हा कंगवा असेल."

"असू दे," मावशी म्हणाल्या.

नळ चालूच होता. भिंगरी अजून त्यांच्या गुडघ्यांत बसून होती, पहिली आलेली, आणि उठायला तयार नव्हती.